परगावचा मुक्काम आणि मराठी नाटक

मराठी नाटकाचं जन्मगाव म्हणून सांगलीचं नाव घेतलं जातं. दर वर्षी ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, तोही तिथल्याच एका प्रयोगाची आठवण म्हणून. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ केलं, हे सर्वांना ठाऊक आहे. या कथेचं आधीचं पान मात्र घाईघाईने उलटलं जातं. आदल्या वर्षी उत्तर कानडातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत उतरली होती. त्यांचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले, त्यातला ओबडधोबडपणा काढून असे खेळ मराठीत व्हावेत असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते काम त्यांनी पदरच्या भाव्यांवर सोपवलं. एक परकी मंडळी गावात मुक्कामाला आली म्हणून मराठी नाटक उभं राहिलं. सदतीस वर्षांनी पुण्यात पुन्हा तेच घडलं. १८८० साली एका पारशी कंपनीने पुण्यात ‘इंद्रसभा’ केलं. ते पाहून, असं संगीत नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ हाती घेतलं. मराठी रंगभूमीचे दोन्ही आरंभ असे पाहुण्या मंडळींच्या मुक्कामातून झालेले आहेत. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत जे संगीत नाटक घडलं त्याचं केंद्र सांगलीही नव्हतं आणि पुणेही नव्हतं. नव्या शहरात दीड-दोन महिने बिऱ्हाड करून राहायचं, रात्री खेळ करायचे, सकाळी पुढच्या नाटकाच्या तालमी करायच्या आणि मधल्या वेळात त्या शहराचं गाणं, चित्रं, माणसं पाहायची-ऐकायची, ही जी रीत होती तीच त्या नाटकाचं खरं घर होती.

भाव्यांच्याच पुढच्या वाटचालीने याचा पहिला पुरावा दिला. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि दरबारचा आधार गेला. दरबार सुटल्यावर भाव्यांनी कंपनी घेऊन दौरे सुरू केले आणि १८५३ च्या मार्चमध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ लावले. त्या वेळी मुंबईहून ठाण्याला जाणारी पहिली आगगाडीसुद्धा सुटायची होती. ती सुटली १६ एप्रिलला. सांगलीहून मुंबईपर्यंतचा सगळा पल्ला या माणसांनी सामानसुमानासह आगगाडीविना काटला. नाना शंकरशेट यांच्या जागेवर १८४६ साली उभं राहिलेलं ते थिएटर इंग्रजी धाटणीचं होतं. समोर चौकट, तिला पडदा, बाजूंना विंगा, पुढे तिकिटांच्या दराप्रमाणे बसलेला प्रेक्षक. दरबारात मालकाच्या नजरेसमोर रंगणारा खेळ इथे पैसे मोजून आलेल्या अनोळखी लोकांसमोर रंगवायचा होता, आणि ते लोकही एका भाषेचे नव्हते. गुजराती, पारशी, कोकणी मुसलमान, उत्तरेकडचे, इंग्रज, असा तो प्रेक्षक. १८५४ साली भाव्यांनी ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदुस्थानीत केलं. मराठी नाटकाचा जनक म्हणून ज्यांचं नाव आपण घेतो त्यांनी मुंबईचा प्रेक्षक पाहिल्यावर परभाषेत नाटक करावं, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. दौऱ्यावर निघालेला माणूस नव्या गावाला आपलं नाटक दाखवतो एवढंच होत नाही, ते गाव काय ऐकू शकतं याचा विचार करून तो स्वतःचं नाटक बदलतो. याच थिएटरात, भाव्यांच्या खेळांनंतर सहा-सात महिन्यांच्या आत, १८५३ च्या ऑक्टोबरमध्ये पारशी नाटक मंडळीने पहिलं नाटक केलं. पारशी रंगभूमीने भाव्यांकडून नेमकं किती घेतलं याचा हिशेब मांडणं कठीण आहे. पण याच पारशी रंगभूमीने सत्तावीस वर्षांनी पुण्यात येऊन अण्णासाहेबांना संगीत नाटकाची वाट दाखवली, हे तर उघडच आहे.

‘इंद्रसभा’ची स्वतःची जन्मकथाही अशीच भटकी आहे. अमानत या कवीने ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लखनौत लिहिली. नवाबी लखनौच्या ठुमरी-गझलांत, परींच्या नाचगाण्यांत वाढलेलं हे नाटक मुंबईच्या पारशी कंपन्यांनी उचललं, मोठ्या पडद्यांवर आणि यंत्रांच्या करामतींवर चढवलं आणि गावोगाव नेलं. लखनौहून मुंबई, मुंबईहून पुणे, असा प्रवास करत ते अण्णासाहेबांसमोर आलं. अण्णासाहेब मूळचे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, कानडी मुलखात वाढलेले आणि पुण्यात सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांनी ‘इंद्रसभा’तून काय घेतलं आणि काय सोडलं हे जवळून पाहण्यासारखं आहे. भाव्यांच्या नाटकात गाणं बहुतेक सूत्रधाराच्या तोंडी असे. पात्रं येत, सूत्रधार त्यांची पदं म्हणे आणि पात्रं आपल्या मनाने भाषणं करीत. पारशी नाटकात पात्रं स्वतः गात होती. अण्णासाहेबांनी ही एक गोष्ट घेतली आणि तिच्यामुळे सगळंच पालटलं, कारण आता नटाला गाता येणं भाग पडलं. परींचा दरबार मात्र त्यांनी सोडला आणि त्या जागी कालिदास आणला. गझल-ठुमरीच्या जागी साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली आणि ज्या मुलखात ते वाढले तिथल्या कानडी चाली आणल्या. १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. लखनौचं रूप, मुंबईचं तंत्र, उज्जयिनीच्या कवीचं कथानक, कर्नाटकाच्या आणि कीर्तनाच्या चाली आणि पुण्याचा प्रेक्षक, इतकं सगळं त्या एका रात्रीत होतं. त्याला केवळ पुण्याचं म्हणणं अपुरं आहे.

इथून पुढे कंपन्यांचा जो जीवनक्रम ठरला तो गणपतराव बोडस, गोविंदराव टेंबे, चिंतामणराव कोल्हटकर यांच्या आत्मचरित्रांतून आपल्याला कळतो. ही पुस्तकं वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. या माणसांना आपलं आयुष्य आठवतं ते मुक्कामांच्या क्रमाने. अमुक नाटक कुठल्या मुक्कामात बसलं, अमुक नट कुठल्या मुक्कामात कंपनी सोडून गेला, कर्ज कुठे झालं आणि कुठे फिटलं. कंपनी म्हणजे शंभरेक माणसांचा संसार असे. व्यवस्थापक किंवा त्याचा माणूस आधी पुढे जाऊन थिएटर ठरवी, नाहीतर मांडव उभारण्यासाठी मैदान पाही, आणि मंडळींना उतरायला एखादा वाडा भाड्याने घेई. मग आचारी आणि पाणके, नट आणि साथीदार, शिंपी आणि रंगवाले, पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या ट्रंका, ऑर्गन आणि तबले असा सगळा बारदाना येऊन पोचे. एवढं सामान हलवण्याचा खर्च पाहता एका गावी दोन खेळ करून पुढे जाणं परवडण्यासारखं नव्हतंच. म्हणून आठवड्यातून दोन-तीन खेळ आणि मोठं शहर असेल तर महिना-दोन महिने मुक्काम, असं गणित बसलं. खेळ नसलेले दिवसही रिकामे जात नसत. सकाळी तालीममास्तर मुलांना घेऊन बसे, गवई पदांच्या चाली बसवी, नवं नाटक असेल तर लेखकही येऊन राही. आणि संध्याकाळी, खेळ नसला की, मंडळी गावातल्या बैठकीला, देवळातल्या गाण्याला, कुणा सरदाराकडे आलेल्या खाँसाहेबांना ऐकायला जात. अर्थकारणाने लादलेला हा फुरसतीचा वेळ नाटकाच्या फार कामी आला.

या रीतीचा सर्वांत ठोस पुरावा म्हणजे पहिल्या प्रयोगांची गावं. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ हे मराठीतलं पहिलं मोठं सामाजिक संगीत नाटक मानलं जातं. जरठ-बाला विवाहावरचं हे नाटक, त्यातली माणसं आणि भाषा अस्सल इकडची. त्याचा पहिला प्रयोग अण्णासाहेबांनी काढलेल्या किर्लोस्कर मंडळींनी १३ जानेवारी १८९९ रोजी केला, तो इंदुरात. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने पहिल्यांदा रंगमंचावर आणलं ते २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्यात. गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला, वारले होते. ज्या दोन नाटकांनी मराठी मध्यमवर्गाच्या घरातलं दुःख रंगमंचावर मांडलं ती दोन्ही नाटकं आजच्या महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकांनी सर्वांत आधी पाहिली. सगळीच नाटकं अशी बाहेर उघडली असं मुळीच नाही. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ साली मुंबईत रिपन थिएटरात झालं. पण नवं नाटक आधी घरच्या गावी करून मग बाहेर न्यावं असा काही नियम नव्हता. जिथे कंपनी मुक्कामाला असेल, जिथे तालीम पुरी होईल, तिथे पडदा वर जाई. आपण नाटकाला पुण्या-मुंबईचं मानतो आणि बाकीच्या गावांना दौऱ्याची गावं समजतो. ‘शारदा’च्या काळात हा भेद अजून पक्का झालेला नव्हता.

माणसं कुठून आली ते पाहिलं तर हेच चित्र आणखी भरतं. १८८२ साली किर्लोस्कर मंडळींना भाऊराव कोल्हटकर मिळाले ते बडोद्यातून. तिथे जन्मलेला, तिथेच सरकारी नोकरीत असलेला हा तरुण कंपनीत आला आणि त्याच्या आवाजावर पुढची अठरा-एकोणीस वर्षं संगीत नाटक उभं राहिलं. भास्करबुवा बखले यांची हकीकत तर या साऱ्या रीतीचं सार आहे. बडोदा संस्थानातल्या कठोर गावचा हा मुलगा गोड गळ्यामुळे किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. ‘रामराज्यवियोग’मधल्या त्याच्या कैकेयीचं गाणं इंदूरच्या मुक्कामात थोर बीनकार बंदे अली खाँ यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. पुढे आवाज फुटला, नट म्हणून तो निकामी ठरला, तेव्हा त्याने खऱ्या अर्थाने गाण्याची वाट धरली. बडोद्यात फैज महंमद खाँ, मग आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, नंतर अल्लादिया खाँ, अशा घराणेदार उस्तादांकडे तो शिकला. आणि हाच माणूस १९१६ साली ‘स्वयंवर’च्या चाली देण्यासाठी नाटकाकडे परतला. बालगंधर्वांच्या तोंडून जे रागदारी गाणं अवघ्या महाराष्ट्राने ऐकलं, ज्याने सामान्य प्रेक्षकाला यमन आणि भीमपलास ओळखायला शिकवलं, ते इंदूर-बडोद्याच्या मुक्कामांतून, तीसेक वर्षांच्या वळणाने, असं नाटकात आलं. एखाद्या मुलाला उस्तादाने ऐकावं, त्याला बोलावून घ्यावं, त्याने रोज जाऊन बसावं, याला दिवस लागतात. कंपनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाशा गुंडाळणारी असती तर खाँसाहेबांनी एक वेळ दाद दिली असती आणि विषय तिथेच संपला असता.

दक्षिणेकडेही तेच. केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श मंडळी काढली ती १९०८ साली हुबळीत, कानडी मुलखात. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, ज्यांना पुढे सवाई गंधर्व हे नाव मिळालं, ते अब्दुल करीम खाँसाहेबांकडे किराणा गायकी शिकले आणि मराठी रंगमंचावर स्त्रीभूमिका गाजवू लागले. कानडी घरातला, कैराना गावच्या उस्तादाचा शागीर्द, मराठी पदं गातो आणि अमरावतीचा प्रेक्षक त्याला डोक्यावर घेतो, हे त्या काळी कुणाला नवलाचं वाटत नव्हतं. कोल्हापूरने दिलं ते आणखी वेगळं. तिथल्या आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री या चुलतभावांनी ललितकलादर्शसारख्या कंपन्यांचे पडदे रंगवले. सपाट कापडावर राजवाड्याचे खांब, बागेतली वाट, देवळाचं शिखर लांबपर्यंत आत गेलेलं दिसावं असं त्यांचं काम होतं. पडदा उघडताक्षणी, पात्र रंगमंचावर येण्याआधीच, टाळ्या पडत. बाबूराव पेंटर म्हणून पुढे मराठी सिनेमाच्या इतिहासात ज्यांचं नाव कोरलं गेलं त्यांची दृष्टी आणि हात या पडद्यांवर तयार झाला. नाटकाने त्या शहराकडून चित्रकला घेतली आणि शहराला त्यातून सिनेमाचा कारखाना मिळाला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. या मंडळींनी नवं शहर खरोखर पाहिलं का? कंपनीचा आचारी, कंपनीची पंगत, कंपनीचा वाडा. जेवणखाण, सोवळंओवळं सगळं आपलं आपल्यात. आणि बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर ही तर मराठी राजवटीचीच शहरं. तिथला प्रेक्षक म्हणजे दरबारी सरदार, मामलेदार, कारकून, वकील, मास्तर, बहुतेक मराठी बोलणारे. मग ही माणसं परक्या शहरात होती कुठे? ती एका मराठी आळीतून दुसऱ्या मराठी आळीत जात होती, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. इंदूरच्या गिरणीत काम करणारा माळवी मजूर किंवा बडोद्याच्या बाजारातला गुजराती विक्रेता ‘शारदा’ला फारसा नसणारच. ही मर्यादा मान्य करूनही मला वाटतं की हा आक्षेप उलट माझ्या बाजूनेच साक्ष देतो. पूर्ण परक्या मुलखात कंपनी महिनाभर तगली नसती. तिकिटं कोण घेणार? आणि पूर्ण घरच्या मुलखात तिला नवं काही ऐकायला मिळालं नसतं. मराठी बोलणारा प्रेक्षक आणि हिंदुस्थानी गाणारे दरबारी उस्ताद एकाच शहरात नांदतात, अशी ही संस्थानं होती. प्रेक्षकामुळे मुक्काम परवडला आणि उस्तादांमुळे तो फळला. पंगत वेगळी राहिली, हे खरं. पण कान वेगळे राहिले नाहीत, हे ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’च्या चाली सांगतात. गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’मध्ये पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग आणला. तो शेजारपाजारच्या मराठी आळीत मिळण्यासारखा नव्हता.

दुसरा आक्षेप राजाश्रयाचा. सांगलीकर आप्पासाहेब, बडोद्याचे सयाजीराव, इंदूरचे होळकर, कोल्हापूरचे शाहू महाराज हे नसते तर नाटक जगलं असतं का. मग श्रेय मुक्कामाला कसं द्यायचं? राजांचं ऋण मोठं आहे यात शंका नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१५ साली बांधून दिलेलं पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, हा त्याचा दगडी पुरावा होता. पण राजाश्रय एकटा काय करतो हे पाहायचं असेल तर तंजावरकडे पाहावं. तिथल्या भोसले राजांनी भाव्यांच्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली आणि करविली. शहाजीराजांचं ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ सतराव्या शतकाच्या अखेरीचं आहे. तिथे राजाश्रय होता, पैसा होता, गाणं आणि नाच तर देशात नावाजलेला होता. तरीही ती नाटकं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्यांत राहिली आणि मराठी रंगभूमीची परंपरा त्यांच्यापासून सुरू झाली नाही. कारण ती दरबाराबाहेर पडली नाहीत. सांगलीचं नाटकही दरबारातच राहिलं असतं तर त्याचीही अशीच पोथी झाली असती. आप्पासाहेबांच्या आश्रयाने ते जन्मलं आणि तो आश्रय सुटल्यावर ते वाढलं. इचलकरंजीकर, आळतेकर, शाहूनगरवासी अशी गावांची नावं लावलेल्या मंडळ्या त्यानंतरच भराभरा निघाल्या आणि त्या निघाल्या त्या दौऱ्यावर जाण्यासाठीच.

देणंघेणं एकतर्फी नव्हतं, आणि ते नेहमी गोडही नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धारवाड, गदग, हुबळी या पट्ट्यात मराठी कंपन्यांचा इतका बोलबाला होता की कानडी नाटकाला जागाच उरली नव्हती. कर्कीच्या कानडी मंडळीकडून ज्यांनी नाटक घेतलं त्यांच्याच वंशजांनी कानडी मुलखात कानडीला मागे सारावं, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी अभिमानाने सांगण्यासारखी नाही. पण त्या शहरांनी ते निमूटपणे सोसलं नाही. गदगचे सक्करी बाळाचार्य ऊर्फ शांतकवी यांनी १८७० च्या दशकात कानडी नाटकमंडळी उभी केली, ती या मराठी वर्चस्वाला उत्तर म्हणून. आज उत्तर कर्नाटकातल्या व्यावसायिक रंगभूमीचा आरंभ तिथूनच धरला जातो. धारवाडकडची एक मंडळी १८८० च्या सुमारास आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेली, आणि तिचे खेळ पाहून कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी तेलुगू नाटकाला हात घातला. बेल्लारीच्या तेलुगू सभेने मद्रासला खेळ केले, ते पाहून पम्मल संबंध मुदलियार यांनी १८९१ साली तिथे सुगुण विलास सभा स्थापन केली. कर्की ते सांगली, सांगली ते मुंबई, धारवाड ते राजमहेंद्री, बेल्लारी ते मद्रास. दख्खनच्या चार भाषांची आधुनिक रंगभूमी या मुक्कामांच्या साखळीत एकमेकींना बांधलेली आहे. प्रत्येक भाषेचा नाट्येतिहास स्वतंत्र पुस्तकात लिहिण्याच्या आपल्या सवयीमुळे ही साखळी दिसेनाशी झाली आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही रीत मोडली ती दोन-तीन टप्प्यांत. १९३१ साली बोलपट आला. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले ते खुद्द गोविंदराव टेंबे. गावोगावची थिएटरं सिनेमागृहं झाली आणि शंभर माणसांचा संसार पोसणाऱ्या कंपन्या कर्जात बुडाल्या. त्यानंतर जी व्यवस्था आली तिच्यात नट कंपनीत राहीनासा झाला, त्याला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळू लागली. नाइट घेणाऱ्या नटाला परगावी रिकामा ठेवणं निर्मात्याला परवडत नाही आणि नटालाही परवडत नाही. मग १९५६ ची भाषावार प्रांतरचना आली. हुबळी-धारवाड, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, इंदूर मध्य प्रदेशात, आणि १९६० साली बडोदा गुजरातेत. जी गावं मराठी नाटकाच्या अंगणातली होती ती ‘बृहन्महाराष्ट्र’ झाली. आजचा दौरा म्हणजे बस. दुपारी सेट उतरतो, संध्याकाळी दिवे लागतात, रात्री प्रयोग, आणि मध्यरात्रीनंतर बस पुढच्या गावाला. नटाला त्या गावाचं नाट्यगृह, त्याचा रंगपट आणि एखादं जेवणाचं हॉटेल एवढंच ठाऊक असतं.

यावर कुणी म्हणेल की आता मुक्कामाची गरज काय; इंदूरचं गाणं आणि केरळचं कुडियाट्टम मोबाइलवर दिसतं. दिसतं, हे खरं. पण भास्करबुवांच्या बाबतीत निर्णायक ठरलं ते त्यांनी खाँसाहेबांना ऐकलं हे नव्हे. खाँसाहेबांनी त्यांना ऐकलं, हे. मोबाइलवर आपण शहर पाहू शकतो, शहर आपल्याला पाहत नाही, चुकलं तर सांगत नाही, आवडलं तर घरी बोलावत नाही. शिवाय तालीम चालू असताना कानावर पडलेली गोष्ट नाटकात शिरते, तालीम संपल्यावर पाहिलेली गोष्ट नुसती माहिती होऊन राहते. नाटक घडत असताना ते परक्या गावात असणं, हा या रीतीचा प्राण होता. प्रयोग पक्का होऊन मग गावोगाव फिरवला की ती बाजू उरतच नाही.

शंभर माणसांच्या कंपन्या आता परत येणार नाहीत, आणि याव्यात असंही नाही. त्या व्यवस्थेत लहान मुलांचं शिक्षण बुडे, मालकाच्या मर्जीवर पगार अवलंबून असे, आणि आजारी नटाला विचारणारं कुणी नसे. पण मुक्काम परत आणता येण्यासारखा आहे, आणि तो महापालिकांच्या हातात आहे. नाट्यगृहं त्यांची आहेत. तिथे तारखा सकाळ-दुपार-रात्र अशा सत्रांनी, एकेका संस्थेला एकेक करून वाटल्या जातात. सोलापूर, नांदेड, कोल्हापूर, नागपूर इथल्या महापालिकांनी वर्षातले दोन आठवडे तरी बाहेरगावच्या एकाच नाट्यसंस्थेला सलग द्यावेत, दहा-बारा माणसांच्या राहण्याची सोय करावी आणि अट एकच घालावी: नाटक इथे येऊन बसवायचं, तालमी गावातल्या लोकांना पाहू द्यायच्या, पहिला प्रयोग इथेच करायचा. बेळगाव, हुबळी, इंदूर, बडोदा इथल्या मराठी मंडळांनी आणि तिथल्या कानडी, हिंदी, गुजराती नाट्यसंस्थांनी मिळून असं निमंत्रण दिलं तर आणखीच चांगलं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. त्याच्या फेरउभारणीच्या आराखड्यात खुर्च्या, वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणेसोबत परगावच्या मंडळींसाठी चार राहत्या खोल्या आणि एक तालमीची जागा धरावी, एवढी कोल्हापूरकरांना विनंती आहे.